अंत्युखियाची पंगत : पेत्र आणि पौल यांच्यातला एक उघड खटका

पेत्र आणि पौल या येशूचा संदेश पसरवणाऱ्या दोन प्रेषितांचा सण कॅथलिक चर्चमध्ये एकाच दिवशी, 29 जूनला असतो. चित्रांतही दोघे शेजारी उभे दिसतात, एकाच्या हातात किल्ल्या आणि दुसऱ्याच्या हातात तलवार. याच दोघांचं एकदा भर मंडळीत वाजलं होतं. कारण एवढंच, की कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं.

या प्रकरणाची कागदपत्रं दोन. गलतीकरांना लिहिलेलं पौलाचं पत्र घटनेनंतर काही वर्षांतलं आहे आणि चांगलंच तापलेल्या डोक्याने लिहिलेलं आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधलं पुस्तक त्यानंतर काही दशकांनी आलं, आणि त्यात हे भांडण मुळी येतच नाही. पेत्राने आपली बाजू लिहून ठेवलेली नाही. म्हणजे एकाच पक्षाच्या जबानीवरून खटला वाचायचा आहे. सुंतेच्या वादावरची यरुशलेमची बैठक आधी आणि भांडण नंतर, हा रूढ क्रम मी धरला आहे. काही अभ्यासक तो उलटा लावतात.

पार्श्वभूमी : शहर

ओरोंतेस नदीकाठचं अंत्युखिया हे रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल साम्राज्यातलं मोठं शहर. सिरियाचा रोमन सुभेदार इथेच राही. (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या ते हेच, फेब्रुवारी 2023च्या भूकंपात त्याची फार पडझड झाली.) इथली यहूदी वस्ती जुनी आणि मोठी होती. सभास्थानांत ग्रीक माणसंही येऊन बसत. एकच देव, आठवड्यातला विसाव्याचा दिवस, नेमाचं वागणं या गोष्टी त्यांना ओढून घेत. मात्र सुंता करून पुरते यहूदी होण्यापर्यंत बहुतेक पुरुषांची मजल जात नसे. प्रौढ वयात ती जोखीम कोण घेणार, आणि वर सार्वजनिक स्नानगृहातली थट्टा कोण सोसणार?

येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार करून मारल्यावर यरुशलेमहून पांगलेली माणसं इथे आली आणि त्यांनी ग्रीकांनाही येशूविषयी सांगायला सुरुवात केली. ही बातमी यरुशलेमला पोचली, तेव्हा कुप्र बेटावरच्या बर्णबाला पाहणीसाठी धाडण्यात आलं. बर्णबाने जे पाहिलं ते त्याला आवडलं. तो तार्सला गेला, तिथून पौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर इथे शिकवलं. ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा याच शहरात पडलं.

त्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे वेदीपुढे रांगेने जाऊन घेतलेला घास नव्हे. कोणाच्या तरी घरी जमायचं, भाकर मोडायची, पोटभर जेवायचं, द्राक्षारसाचा प्याला फिरवायचा. जेवण हीच उपासना होती, त्यामुळे जेवायला वेगळं बसणं म्हणजे उपासनाही वेगळी करणं.

पार्श्वभूमी : माणूस

पौलाचं दुसरं नाव शौल. बन्यामीन वंशातला, आठव्या दिवशी सुंता झालेला, परुशी पंथाचा. पोटापाण्याला तंबू बनवण्याचा धंदा. आपल्या धर्माला कंटाळलेला हा माणूस नव्हता. नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेने दिलेल्या यहूदी नियमांच्या, कसोटीवर आपण निर्दोष होतो, असं तो फिलिप्पैकरांना बिनदिक्कत लिहितो. येशूच्या अनुयायांचा छळ त्याने केला तोही आवेशापोटी, आपण देवाचंच काम करतो आहोत या खात्रीने.

साधारण इसवी सन 33 ते 36 या काळात दिमिष्काजवळ (आजचं दमास्कस) त्याला येशूचं दर्शन झालं. तो प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ तीनदा सांगतं. तिन्ही वेळा तपशील जुळत नाहीत. नवव्या अध्यायात सोबत्यांना आवाज ऐकू येतो पण कोणी दिसत नाही. बाविसाव्यात प्रकाश दिसतो पण आवाज ऐकू येत नाही. पुढे तीन दिवस दृष्टी गेलेली, अन्नपाणी नाही, ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरचं घर, आणि तिथे जायला आधी कांकू करणारा पण गेल्यावर ‘शौल भाऊ’ म्हणून डोक्यावर हात ठेवणारा हनन्या. मला या सगळ्या कथेत हनन्याचं धाडस सर्वांत मोठं वाटतं. आपल्याला बेड्या घालायला आलेल्या माणसाला भाऊ म्हणणं सोपं नाही. घोडा मात्र या कथेत कुठेच नाही. तो चित्रकारांनी आणला.

पौलाच्या स्वतःच्या पत्रांत रस्ता नाही, प्रकाश नाही, आंधळेपण नाही. करिंथकरांना तो म्हणतो की सर्वांत शेवटी ख्रिस्त मलाही दिसला, अवेळी जन्मलेल्या मला. गलतीकरांना म्हणतो की देवाने आपला पुत्र माझ्या ठायी प्रकट केला, आणि त्याच वाक्यात पुढे जोडतो : मी त्याची सुवार्ता परराष्ट्रीयांमध्ये, म्हणजे यहूदी नसलेल्यांमध्ये, सांगावी म्हणून. दर्शन एका दिवशी झालं आणि काम पुढे कधीतरी सुचलं, असं त्याच्या लेखी नाहीच. एक धर्म टाकून दुसरा धरला असंही तो म्हणत नाही. इस्राएलाच्या देवानेच आपल्याला आईच्या उदरापासून निवडून हाक मारली, अशी त्याची भाषा आहे. जुन्या संदेष्ट्यांचीही हीच भाषा होती.

त्याची सगळी शिकवण या वळणावरून निघते. नियमशास्त्राचा आवेश जितका अंगात होता तितका तो देवाच्या अभिषिक्ताच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, विरोधात गेला होता. मग तेच नियमशास्त्र देवाच्या घरात शिरण्याचा परवाना कसं ठरेल? माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरच्या विश्वासाने, ही त्याने अभ्यासिकेत बसून मांडलेली उपपत्ती नव्हती. ते स्वतःच्या आयुष्याचं त्याने लावलेलं गणित होतं. म्हणून यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरला नाही, हे त्याचं म्हणणं नुसतं सुभाषित नव्हतं. त्यातून ताटावर कोण बसणार, हेही ठरत होतं.

आणखी एक बाब. दर्शनानंतर तो यरुशलेमच्या प्रेषितांकडे शिकायला गेला नाही. आधी अरबस्तानात गेला, परत दिमिष्कात आला. तिथून अरीतास राजाच्या अधिकाऱ्याच्या तावडीतून टोपलीत बसून तटावरून उतरून निसटला. तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन तो पेत्राकडे पंधरा दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब याला भेटला, बाकी कोणालाच नाही. हे सांगताना तो देवासमक्ष शपथ घेतो. एवढी शपथ लागते, त्या अर्थी समोरचे उलट म्हणत असणार : हा आमच्याकडून शिकला आणि आता आम्हालाच शिकवतो.

पार्श्वभूमी : यरुशलेमची बाजू

पौलाची पत्रंच हाती असल्यामुळे समोरचा पक्ष कोत्या मनाचा वाटू लागतो. तो तसा नव्हता. इसवी सनापूर्वी 167च्या सुमारास अंत्युखस चौथा या राजाने सुंतेवर बंदी घातली होती. मुलांची सुंता करणाऱ्या आयांना ठार मारण्यात आलं. डुकराचं मांस तोंडात घालण्यापेक्षा एलाजार नावाच्या वृद्धाने मरण पत्करलं. सुंता आणि खाणंपिणं हे यहूद्यांसाठी नुसते विधी नव्हते, त्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी जीव दिला होता. आणि त्या राजाची राजधानी होती हेच अंत्युखिया.

जखम जुनीच होती असंही नाही. कॅलिगुला बादशहाने यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवण्याचा हुकूम सोडला होता. 41 साली त्याचा खून झाला म्हणून ते टळलं. 44च्या आधी हेरोद अग्रिप्पाने जब्दीचा मुलगा याकोब याला तलवारीने मारलं आणि पेत्राला तुरुंगात टाकलं. अशा हवेत, येशूवाले असुंती लोकांबरोबर जेवतात अशी कुजबुज यरुशलेममध्ये पसरली, तर तिची किंमत अंत्युखियातल्या ग्रीकांनी मोजायची नव्हती. ती यरुशलेममधल्या दुसऱ्या याकोबाच्या, म्हणजे येशूच्या भावाच्या, माणसांनी मोजायची होती.

अर्धवट समझोता

यहूदीयातून काही माणसं अंत्युखियात आली आणि सुंतेवाचून तारण नाही असं शिकवू लागली. वाद पेटला. 48 किंवा 49 साली पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले. पौलाने सोबत तीत नावाच्या ग्रीकाला नेलं, ज्याची सुंता झालेली नव्हती. ही चाल हुशारीची होती. आता प्रश्न तत्त्वाचा न राहता समोर बसलेल्या माणसाचा झाला : याची सुंता करायची की नाही?

तीतावर सक्ती झाली नाही. याकोब, पेत्र आणि योहान या मंडळीच्या ‘स्तंभांनी’ पौल-बर्णबांना उजवा हात दिला. त्यांनी सुंता झालेल्यांकडे जावं, यांनी परराष्ट्रीयांकडे. गरिबांची मात्र आठवण ठेवावी. ‘कृत्यां’च्या वृत्तान्तात याकोब चार अटींचं पत्रही पाठवतो : मूर्तींना दाखवलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचं मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहा. पौलाच्या वृत्तान्तात या अटी नाहीत. उलट, माझ्यावर काहीही वाढीव लादलं गेलं नाही, असं तो ठासून सांगतो.

प्रवेशाचा प्रश्न सुटला आणि कामाच्या हद्दीही आखल्या गेल्या. पण एकाच घरात, एकाच जेवणाला दोन्ही हद्दींतली माणसं बसतात तेव्हा कोणी कोणाची रीत पाळायची? त्या खोलीत बसलेल्यांपैकी प्रत्येकाने याचं उत्तर आपल्या मनाशी गृहीत धरलं असावं, आणि ती उत्तरं वेगवेगळी होती.

अडचण

पेत्र अंत्युखियाला आला. तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. मग याकोबाकडची काही माणसं आली. त्यानंतर पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्या मागोमाग गेले. शेवटी बर्णबाही गेला.

ज्याने पौलाला तार्सहून शोधून आणलं, यरुशलेममध्ये इतर शिष्य घाबरून लांब राहत असताना त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं, ज्याच्याबरोबर त्याने कुप्रपासून गलतीयापर्यंतची वाट तुडवली, तो बर्णबा. पौलाच्या ‘बर्णबासुद्धा’ या उल्लेखात ते दुखणं लपत नाही.

मंडळी तीच राहिली, पंगती दोन झाल्या. कोणीही ग्रीकांना ‘सुंता करा’ असं तोंडाने म्हटलं नव्हतं. पण पहिला प्रेषित तुमच्या ताटावरून उठून गेला, तर काय समजायचं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. रोटीव्यवहार तुटला की बोलाचाली लागत नाहीत.

समोरचे पर्याय

पौलापुढे निदान चार वाटा होत्या. गप्प बसायचं आणि पाहुणे जाईपर्यंत वाट पाहायची. पाहुणे गेल्यावर पेत्र बहुधा परत येऊन बसला असता. पण मग पुढचे पाहुणे आले की पुन्हा तेच, आणि ग्रीकांना आपली जागा कायमची कळून चुकली असती. पेत्राला बाजूला घेऊन बोलायचं, हा दुसरा मार्ग. दोघांची जुनी ओळख होती, पंधरा दिवस एका घरात राहिले होते. तिसरा म्हणजे पुन्हा यरुशलेमकडे जाणं. पण तसं केलं तर अखेरचा निवाडा यरुशलेमचाच, हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेच पौलाला कधी मान्य नव्हतं. चौथी वाट तडजोडीची : ग्रीकांनीच जेवणात थोडं सांभाळून घ्यावं, म्हणजे यहूदी भावांना बसता येईल. व्यवहाराच्या दृष्टीने हीच सर्वांत सोपी होती, आणि चार अटींच्या पत्राचा रोखही हाच आहे.

पौलाने चारही सोडल्या.

काय केलं

सगळ्यांसमोर तो पेत्राला म्हणाला : तू यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग परराष्ट्रीयांना यहूद्यांसारखं राहायला का भाग पाडतोस?

इथे नीट पाहण्यासारखं हे, की पौल पेत्राच्या मतांवर बोट ठेवत नाही. पेत्राची मतं त्याच्यासारखीच होती. त्याचा आरोप ढोंगाचा आहे : एक मानतोस आणि भीतीने दुसरंच करतोस. आणि ‘भाग पाडतोस’ हा शब्द तो वापरतो, जरी पेत्राने कोणावर सक्ती केली नव्हती. वजनदार माणसाचं नुसतं उठून जाणंसुद्धा सक्तीच असते, असा त्याचा मुद्दा होता आणि तो मला पटतो. चूक चारचौघांत झाली होती. ज्यांचा अपमान झाला ते तिथेच बसलेले होते. त्यांच्यामागे पेत्राशी खासगीत बोलून मिटवलं असतं, तर ग्रीकांच्या वाट्याला काय आलं असतं?

परिणाम

पेत्राने काय उत्तर दिलं ते पौल लिहीत नाही. जिंकला असता तर लिहिलं असतं, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात, आणि तर्क सरळ आहे. यरुशलेममध्ये तीताला सोडलं हे तो ठळकपणे सांगतो. इथे मात्र स्वतःचं भाषण देऊन थांबतो.

पुढच्या घटनाही तेच सुचवतात. पौल आणि बर्णबा वेगळे झाले. ‘कृत्यां’त त्याचं कारण योहान मार्कला बरोबर न्यायचं की नाही हे दिलं आहे, ते खरंही असेल, पण मन आधीच तुटलेलं असलं की एवढं निमित्त पुरतं. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. पौल सीलाला घेऊन निघाला, आणि यापुढे त्याचे मोठे मुक्काम करिंथ आणि इफिस इथे झाले.

या प्रवासाच्या आरंभीच त्याने तीमथ्याची सुंता केली! आई यहूदी, बाप ग्रीक, आणि त्या भागातल्या यहूद्यांमध्ये काम करायचं होतं. पौलावर दुटप्पीपणाचा आरोप करायला ही जागा सोयीची आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. तीताची सुंता तारणाची अट म्हणून मागितली गेली होती, तीमथ्याची कोणी मागितली नव्हती. पण गलतीयातल्या माणसांना हा फरक दिसला असेल का, याची शंका येते.

सुमारे 57च्या आसपास लिहिलेल्या रोमकरांच्या पत्रात पौलाचा सूर बदललेला आहे. तिथे काही जण सगळं खातात, काही फक्त भाजीपाला. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. करिंथकरांना तर त्याने आधीच लिहिलं होतं की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. तत्त्व तेच, पण ओझं आता मोकळ्या माणसाच्या खांद्यावर आहे. अंत्युखियात कोणी पेत्राच्या बाजूने हीच वाक्यं म्हटली असती, तर पौलाने ऐकून घेतली असती असं वाटत नाही.

(हाच पेच आपल्याकडे उलट्या बाजूने दिसतो. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही पंडिता रमाबाईंनी शाकाहार आणि पूर्वजांच्या शक्य तितक्या रीती सोडल्या नाहीत. त्यांना मुलीसारखं मानणाऱ्या जेराल्डीन नावाच्या मठवासी भगिनीला त्यात जातीचा ताठा दिसला. तिथे कोणी कोणासारखं व्हावं अशी अपेक्षा होती, ते पाहिलं की पौलाचा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो.)

काय वेगळं करता आलं असतं

पेत्राला दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. पाहुणे आले त्याच दिवशी त्याने त्यांना ग्रीकांच्या पंगतीला सोबत नेलं असतं, किंवा निदान ग्रीकांना आधी सांगून, त्यांचा विचार घेऊन वेगळा बसला असता, तरी प्रकरण एवढं चिघळलं नसतं. काही न बोलता मागे सरकणं हीच त्याची खरी चूक. याच माणसाने कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी मुक्काम केला होता आणि त्याबद्दल यरुशलेममध्ये जाब दिला होता, असं ‘कृत्यां’त आहे. बोलायला त्याच्याकडे शब्द होते.

पौलाने सर्वांसमोर बोलणं मी चूक मानत नाही. पण आधी बर्णबाशी बोलायला हवं होतं. बर्णबा दोन्ही गोटांना आपला वाटणारा एकमेव माणूस होता. तो गेला तेव्हा पूलच गेला. दुसरं, पत्रात पौल याकोबाकडून आलेल्यांची नावं घेत नाही, त्यांना ‘काही जण’ म्हणून सोडतो. पेत्राचं नाव मात्र दूरच्या गलतीयाच्या मंडळ्यांपर्यंत पोचवतो. पुढच्या वाचकांना हे इतकं बोचलं, की चौथ्या-पाचव्या शतकात जेरोम या धर्मपंडिताने हे भांडण दोघांनी संगनमताने रचलेलं नाटक होतं असा अर्थ लावला, आणि ऑगस्टीन या दुसऱ्या धर्मपंडिताने त्याला पत्रांतून खडसावलं : प्रेषित खोटं लिहितो असं म्हटलं तर मग कशावर विश्वास ठेवायचा?

मोठी जबाबदारी यरुशलेमच्या बैठकीवरच येते. तीत तिथे समोर होता. त्याची सुंता करायची की नाही हे सगळ्यांनी विचारलं. संध्याकाळी तो कोणाच्या ताटावर बसणार, हे कोणी विचारलं नाही. चार अटींचं पत्र या बैठकीतलं नसून अंत्युखियाच्या भांडणानंतर, पौलाच्या अपरोक्ष निघालं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. त्याला एक आधार ‘कृत्यां’तच सापडतो. बऱ्याच वर्षांनी पौल परराष्ट्रीय मंडळ्यांकडून गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी घेऊन यरुशलेमला येतो. तू नियमशास्त्र मोडायला शिकवतोस अशी इथे कुजबुज आहे, असं त्याला सांगतात, आणि मंदिरात जाऊन चार जणांच्या नवसाचा खर्च कर म्हणून सुचवतात. त्याच संभाषणात ते पुढे म्हणतात की विश्वास धरलेल्या परराष्ट्रीयांना आम्ही लिहून कळवलं आहे, आणि चारही अटी पुन्हा मोजून दाखवतात, जणू पौल त्या पहिल्यांदाच ऐकतो आहे.